निघाली, पोचली, मत

सोलापूरच्या एका वाचनालयात बऱ्याच कादंबऱ्यांच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली सापडते. तळहाताएवढी, निळ्या शाईतली, गोल ठसठशीत अक्षराची. वर लिहिलेलं असतं 'निघाली', त्याखाली 'पोचली', आणि त्याखाली 'मत'. पहिल्या दोन्हींपुढं वार आणि तारीख असते, वाचायला घेतल्याची आणि संपवल्याची. तिसऱ्यापुढं फार तर दोन ओळी असतात. ही चिठ्ठी चिकटवणारा माणूस त्या वाचनालयाची पायरी एकदाही चढलेला नव्हता. त्याची पुस्तकं मी नेत-आणत होते. मी कर्नाटकातल्या अफजलपूरहून सुटणाऱ्या सोलापूर गाडीवर कंडक्टर आहे आणि तो माणूस म्हणजे आमच्या अफजलपूर स्टँडचे कंट्रोलर, नागनाथ बिराजदार. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं.

स्टँडवरच्या त्यांच्या खोलीच्या दारावर मोठ्ठं नाव होतं, पण आम्ही तिला नुसतं 'खोली' म्हणायचो. आत एक टेबल, टेबलावर माइक, गाड्यांची नोंदवही, पाण्याचा स्टीलचा जग, आणि पालथी घातलेली एक कादंबरी. गाडी लागली की अण्णा कादंबरी पालथी घालायचे, माइक ओढायचे, आधी कन्नडमध्ये सांगायचे, मग मराठीत. आमचे ड्रायव्हर खाजाभाई असले तर तिसऱ्यांदा दखनीत, "खाजाभाई की गाडी लगी है, भागो जी!" मग नोंदवहीत वेळ लिहायची आणि कादंबरी परत सुलटी करायची. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत या माणसानं शेकड्यांनी कादंबऱ्या वाचल्या असतील.

मी नोकरीला नवीन असताना एकदा माझ्या पिशवीतून पुस्तक डोकावत होतं. ते त्यांनी बघितलं.

"काय वाचायलीस?"

"काय न्हाई अण्णा, टाइमपास."

"टाइमपासला शेंगा मिळतेत की स्टँडवर. बुक कामून घेतलीस?"

मला राग आला. मी खजुरीची, आमच्याकडं माणसं उत्तर गिळत नाहीत. मी म्हटलं, "मग तुम्ही काय पुण्य कमवायला वाचायलाव व्हय?" अण्णा चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले आणि हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद हातात दिला. त्यावर चार कादंबऱ्यांची नावं होती. "सोलापूरला थांबा दीड तासाचा हाय तुझा. वाचनालयात नाव घाल. तुझ्या नावावर आण, आधी मी वाचीन, मग तू वाच." असा हुकूम सुटला, आणि पुढची चौदा वर्षं चालला.

त्यांचा नियम एकच होता. शेवटचं पान वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही, आणि दुसऱ्याचं मत आपण वाचायच्या आधी बघायचं नाही. मागची चिठ्ठी शेवटी बघायची. मी एकदा एक जाडजूड कादंबरी अर्धीच वाचून "चांगली हाय" म्हणून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली, हातात तोलली आणि विचारलं, "दोनशेव्या पानावर काय झालं?"

मी म्हटलं, "अण्णा, पान पान कोण ध्यानात ठेवतंय?"

"मी सांगू? दोनशेव्या पानावर म्हातारी मरती. म्हातारी मेलेली ध्यानात राहिली न्हाई म्हणजे तू वाचलीच न्हाईस. घिऊन जा."

पुस्तक परत पिशवीत आलं. तेव्हापासून स्टँडवर त्यांचा हा प्रश्न म्हणच होऊन बसला. कोणी फार बढाई मारायला लागलं की कँटीनवाला सुद्धा विचारायचा, "दोनशेव्या पानावर काय झालं ते सांग की." सोलापूरहून आलेले एक प्राध्यापक एकदा गाडीची वाट बघत खोलीत बसले होते, कुठल्याशा गाजलेल्या कादंबरीवर बोलत होते. अण्णांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. प्राध्यापक उठून प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहिले. गाडीला अजून पाऊण तास होता.

चिठ्ठ्यांवरची त्यांची मतं मला अजून पाठ आहेत. एका नावाजलेल्या कादंबरीत एक माणूस तीनशे पानं खिडकीत बसून स्वतःविषयी विचार करतो. तिच्यावर लिहिलं होतं, 'प्रवासी चढला, बसला, गाडी सुटली न्हाई. लेखक हुशार हाय, ते त्येला माहीत हाय.' दुसऱ्या एका कादंबरीत खेड्यातलं घर फार सुंदर रंगवलं होतं. तिच्यावर, 'घर चांगलं. पण ह्या घरात सैपाक कोण करतं ते चारशे पानांत आलं न्हाई. समदे जेवतेत मात्र.' एका कादंबरीला मतच दिलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, 'पोचली: न्हाई. एकशे साठाव्या पानावर उतरलो.' आणि एक होती नवऱ्यानं टाकलेल्या बाईची, बारीकशी, लेखिकेचं नाव कोणाला ठाऊक नसलेली. तिच्या मागं दोनच शब्द होते, 'जेवलो न्हाई.' वाचनालयातल्या बाई आधी चिठ्ठ्यांवरून माझ्यावर खेकसायच्या, पुस्तक खराब होतं म्हणून. ही 'जेवलो न्हाई'ची चिठ्ठी वाचल्यावर त्यांनी ते पुस्तक घरी नेलं. नंतर त्याच विचारायला लागल्या, "बिराजदारांनी ही वाचली का हो?"

एका जातीच्या पुस्तकांशी मात्र अण्णांचं जमत नव्हतं. जादूची, राक्षसांची, दुसऱ्याच कुठल्या जगातली. त्यांना ते 'उडती पुस्तकं' म्हणायचे. मी मुद्दाम एक-दोन नेऊन दिली. एकीवर मत आलं, 'राक्षसाला सात तोंडं. जेवताना घास साती तोंडांत जातो का एकाच? लिवलं न्हाई.' दुसरीवर, 'ह्या जगात समदं वेळेवर येतं. तिथंच मला खोटं वाटलं.' मी हसून हसून दमले. पण त्यांच्या बोलण्यात एक तुच्छता होती, हेही खरं. मोठ्या माणसानं वाचायचं ते खरं पाहिजे, बाकी पोरांचं, असं त्यांचं पक्कं होतं.

आता एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अण्णांनी नोंदवहीत खोटी वेळ कधी लिहिली नाही. एकदा खाजाभाईंची गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. टायर बसला होता, त्यांची काही चूक नव्हती. पण त्या आठवड्यात तिसऱ्यांदा उशीर झालेला, वरून विचारणा होणार होती. खाजाभाई हात जोडून उभे राहिले. "अण्णा, पाँच मिनट लिख दो ना जी. आपका क्या जाता?"

"उशीर झाला तर उशीर लिवायचा, खाजा. गाडी उशिरा आली ते चालतंय. वही खोटी बोलली की मग कशावर इस्वास ठिवायचा?"

त्यांनी चाळीस मिनिटं लिहिली, आणि पुढं स्वतःच्या अक्षरात कारण लिहिलं, टायर बसला. विचारणा झाली तेव्हा आपण जाऊन खाजाभाईंच्या बाजूनं बोलून आले. आणि हाच माणूस शेवटची गाडी बिनदिक्कत रोखून धरायचा. बाजाराला आलेली एखादी म्हातारी, माहेरी आलेली कोणाची सून, सकाळच्या गाडीनं उतरलेलं कोणी अजून परत दिसलं नाही की गाडीपुढं जाऊन उभे. ड्रायव्हर हॉर्न मारायचा, आतले प्रवासी ओरडायचे. अण्णा म्हणायचे, "थांबा. एक यायचाय." तो एक धापा टाकत आला की गाडी सोडायचे आणि वहीत स्वतःच्याच नावावर उशीर लिहायचे.

त्यांना एकुलता एक मुलगा होता, ओंकार. बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. अण्णा सरहद्दीपलीकडं मामाच्या गावी मराठी शाळेत शिकलेले, ओंकार अफजलपुरात कन्नड शाळेत. आमच्या भागात हे घरोघरी आहे. बाप मराठी लिहितो, मुलगा मराठी बोलतो आणि लिहायची वेळ आली की तीच मराठी कन्नड अक्षरांत लिहितो. माझी पण दोन्हीकडं निम्मी निम्मी शाळा झाली, म्हणून मला दोन्ही वाचता येतं. अण्णांना कन्नड काय कमी येत होतं? दिवसभर वही कन्नडमध्येच लिहायची. पण त्यांच्या मनात वाटणी ठरलेली होती, कन्नड नोकरीची आणि मराठी वाचायची. कन्नडमधली गोष्ट त्यांनी कधी उघडून बघितली नाही.

ओंकार बापासारखाच वाचणारा निघाला, पण कन्नड, आणि सगळी उडती पुस्तकं. तो बोलायला लाजरा होता. आल्यावर खोलीत येऊन स्टुलावर बसायचा, बापाच्या टेबलावरच्या कादंबरीची मागची चिठ्ठी बघून हसायचा. त्याला देवनागरी जुळवून जुळवून वाचावी लागायची. तरी वाचायचा.

एका वर्षी येळवशीला तो आला होता. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं गाव शेतात जेवतं. अण्णांनी मला आणि आमच्या ह्यांना बोलावलं होतं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. काशीअक्का, म्हणजे अण्णांची बायको, वाढता वाढता थकत नव्हत्या. जेवणं झाल्यावर कडब्याच्या कोपीत बसलो होतो, तेव्हा ओंकारनं पिशवीतून एक पुस्तक काढलं. जाड, कन्नड, खाकी कव्हर घातलेलं. शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं त्यानं ते स्वतः घातलं होतं.

"अप्पा, हे वाचा."

अण्णांनी उघडून बघितलं. "काय हाय? उडतं हाय व्हय?"

"उडतंच हाय. पण तुम्ही वाचा. मला तुमची चिठ्ठी पायजे."

"कन्नडात हाय की."

"वाचता येतंय की तुम्हाला."

"येतंय. बघू," अण्णा म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ ओंकार सोडून आम्हा सगळ्यांना कळला. काशीअक्का म्हणाल्या, "वाचा की, एवढं पोरगं म्हणायलंय तर." अण्णांनी पुस्तक पिशवीत टाकलं.

ते पुस्तक खोलीत आलं. आठ दिवस टेबलाच्या कोपऱ्यात होतं. मग एक दिवस मी बघितलं तर पाण्याचा जग त्यावर ठेवलेला. टेबलाला एका बाजूनं कल होता, जग पुस्तकावर ठेवला की नीट बसत होता. खाकी कव्हरवर पाण्याचं गोल वळं उमटलं. आपल्याला काय करायचंय, असं वाटलं.

महिनाभरानं मी गाडीची वेळ लिहून घ्यायला खोलीत गेले होते, तेव्हा ओंकारचा फोन आला. अण्णांनी मोठ्या आवाजावर ठेवला होता, त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं.

"अप्पा, वाचलं का पुस्तक?"

अण्णांनी पुस्तकावरच्या जगाकडं बघितलं. "व्हय. वाचलं की."

"सगळं?"

"सगळं."

"मग कसं वाटलं?"

"बरं हाय. पोरांसाठी बरं हाय. कल्पना चांगली हाय."

मग ओंकार म्हणाला, "मग चिठ्ठी? चिठ्ठी लिवलाव का? फोटो पाठवा की."

अण्णांनी चिठ्ठी लिहिली. माझ्यासमोर लिहिली. निघाली, येळवशीची तारीख. पोचली, त्याच्यानंतरच्या दहाव्या दिवसाची तारीख. मत, 'पोरांसाठी बरी.' जग उचलला, चिठ्ठी पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवली. फोटो काढला, पण पाठवायचा कसा ते त्यांना येत नव्हतं, म्हणून फोन माझ्याकडं दिला. मी पाठवला. ते बोट माझं होतं, हे मी कधी विसरणार नाही. वर मला गंमत वाटत होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या तावडीत सापडला होता. मी फोन परत देत विचारलं, "अण्णा, दोनशेव्या पानावर काय झालं?"

ते हसले नाहीत. "गाडी काढ, शोभा. तीन मिनिटं झाली," एवढंच म्हणाले.

ओंकारकडून उत्तर आलं, एक अंगठा. त्या पुस्तकाविषयी तो परत काही बोलला नाही.

पुढच्या नवरात्राच्या आधी ओंकारला ताप आला. मंगळवारी फोनवर म्हणाला, जरा कणकण आहे. गुरुवारी मित्रांनी दवाखान्यात नेलं. शुक्रवारी अण्णा आणि काशीअक्का बेंगळूरच्या गाडीत बसले. शनिवारी दुपारी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

महिन्यानं अण्णा कामावर आले. माइकवरून गाड्या सांगत होते, वही लिहीत होते. टेबलावर कादंबरी नव्हती. मी न विचारता वाचनालयातून एक आणून ठेवली, ती पंधरा दिवसांनी तशीच परत नेली. खाजाभाई गाडी लावून खोलीच्या दारात उभे राहायचे, चहाचा कप टेबलावर ठेवून जायचे. शेवटच्या गाडीपुढं मात्र अण्णा अजून उभे राहायचे. सगळे चढले तरी रस्त्याकडं बघत राहायचे. ड्रायव्हर हॉर्न मारत नव्हते आता.

असेच दोन-अडीच महिने गेले. एक दिवस मी खोलीत गेले तर जग खाली फरशीवर होता. अण्णांच्या हातात ते पुस्तक होतं. ओठ हलवत, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. कन्नड वहीतलं वेगळं आणि गोष्टीतलं वेगळं, त्यांना अडायला होत होतं. मला बघितलं आणि म्हणाले, "शोभा, ह्या शब्दाचा अर्थ काय?" मी सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पुढं वाचायला लागले.

मग रोज मला थोडं थोडं कळायला लागलं. एक नदी होती, तिच्या पलीकडं कोणी न बघितलेलं शहर, आणि माणसांना पलीकडं नेणारा एक नावाडी. अण्णा वाचता वाचता कुरकुरत होते, आणि ती कुरकुर ऐकून मला बरं वाटत होतं. "नाव पाण्यावरून वर उठती म्हणतो. उठली तर उठली. पण ह्यो नावाडी जेवतो कवा?" दुसऱ्या दिवशी, "जेवतो गं. कालच्या पुढच्याच पानावर हाय. मीच घाई केली." तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, "लिवणारा खोटं बोलत न्हाई. मी उगंच म्हणत होतो." मी मान वळवून खिडकीतून गाड्या बघत राहिले.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. आमची गाडी लागली होती, सुटायची वेळ झाली होती. माइक चालू झाल्याचा खरखर आवाज आला, पण पुढं काही आलंच नाही. प्रवासी वर भोंग्याकडं बघत होते. खाजाभाईंनी मला खूण केली. मी खोलीत गेले. अण्णा उभे होते, पुस्तक उघडं होतं, हातात एक कागद होता. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. मी आधी माइक बंद केला.

कन्नड अक्षरांतली मराठी. ओंकारचं बारीक अक्षर.

'अप्पा, दोनशेव्या पानावर काय झालं? मला फोन करून सांगा. हा नावाडी वाचताना मला सारखे तुम्हीच दिसायलाव. मी वाट बघायलोय.'

ते दोनशेवं पान होतं. मी ते वाचलं. सांजवेळ झालेली आहे, नाव भरली आहे, लोक ओरडतायत की सोड आता. नावाडी काठावर उभा आहे, सोडत नाही. म्हणतो, थांबा, एक यायचाय.

"शोभा," अण्णा म्हणाले, "येळवशीपासून हे ह्यात हुतं."

मी पुस्तक परत टेबलावर ठेवलं.

"त्येनं वाट बघितली. महिनाभर बघितली. मग मला इचारलं. मी वाचलं म्हणलो. त्येला तवाच कळलं आसंल की." ते खाली बसले. "कळलं आणि त्येनं मला अंगठा पाठवला."

मग त्यांनी खिशातून फोन काढला. "लावू का?" असं मला विचारलं. गाडी येईल का, असं प्रवासी विचारतात ना, तसं. मी म्हटलं, "लावा, अण्णा." त्यांनी लावला. फोन बंद असल्याचं सांगणारी बाई आधी कन्नडमध्ये बोलली, मग इंग्रजीत. त्यांनी मध्येच बंद केला नाही. तिचं पूर्ण ऐकून घेतलं. परत सुरुवातीपासून सांगायला लागली, तेही ऐकलं. मग फोन खाली ठेवला, माइक ओढला, चालू केला आणि सोलापूरची गाडी सांगितली, दोन्ही भाषांत. आवाज नेहमीसारखाच होता. वहीत अकरा मिनिटं उशीर लिहिला आणि कारणाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं.

काशीअक्का मात्र पेटल्या. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा माझ्यादेखत म्हणाल्या, "पोरगं हुतं तवा एक पान उलटलं न्हाई. आता कुणाला दाखवायलाव वाचून?" अण्णांनी मान खाली घातली. काशीअक्कांना वाचता येत नव्हतं. ओंकारची चिठ्ठी त्यांनी पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती, रोज रोज वाचून कोणाकडून घेणार, म्हणून पाठ करून घेतली होती.

मग एका रविवारी मी गेले तर वेगळंच दृश्य. अंगणात काशीअक्का तूर निवडत बसल्या होत्या आणि अण्णा भिंतीला टेकून ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचत होते. कन्नड ओळ डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं मराठीत सांगायची. काशीअक्का सुपातून नजर वर न करता म्हणाल्या, "मग? जेवला का त्यो नावाडी?"

"जेवला. मासे हुते."

"आपल्यात चालत न्हाई."

"त्येच्यात चालतंय."

मी पायातली चप्पल न काढताच परत फिरले. त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसायला जागा नव्हती.

पुढच्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. कोणी हार घातले, कोणी भाषण केलं. खाजाभाई माइक हातात घेऊन दखनीत चार वाक्यं बोलले आणि रडायला लागले. त्या संध्याकाळी माझी गाडी सुटायच्या बेतात होती. अण्णा नेहमीसारखे गाडीपुढं येऊन उभे राहिले. मग दाराशी आले आणि खाकी कव्हरचं ते पुस्तक माझ्या हातात दिलं. पाण्याचं वळं तसंच होतं.

"वाचनालयात जमा करू?" मी विचारलं.

"तिथं कन्नड कोण घेतंय? तू वाच. मागची चिठ्ठी आधी बघायची न्हाई."

"माहीत हाय की मला नियम."

"नियम समद्यांना माहीत असतोय," ते म्हणाले. मी घंटी मारली. मागच्या काचेतून बघितलं तर ते अजून रस्त्याच्या मधोमध उभे होते, हात वर केलेला, गाडी सोडतात तसा. त्यांना मी शेवटचं बघितलं ते हे.

पुस्तक मी कपाटात ठेवलं. ड्युटी होती, मुलीची परीक्षा होती, सासूबाईंचं दुखणं होतं. अण्णांचा दोनदा फोन आला, त्यांनी पुस्तकाचं विचारलं नाही, मीही काढलं नाही. चौथ्या महिन्यात खाजाभाईंनी स्टँडवर मला बाजूला घेऊन सांगितलं. अण्णा सकाळी शेतात गेले होते, बांधावर बसले ते उठले नाहीत.

त्यानंतर मी ते पुस्तक वाचलं. बावीस दिवस लागले. चांगलं आहे. पोरांसाठी नाही. दोनशेव्या पानाशी मी फार वेळ थांबले, तिथली चिठ्ठी काशीअक्कांच्या पदरात होती तरी. शेवटचं पान संपल्यावर मागचा पुठ्ठा उघडला.

जुनी चिठ्ठी तिथंच होती. फाडली नव्हती. वहीतली नोंद चुकली की आमच्यात फाडत नाहीत, आडवी रेघ मारून सही करतात. तशी रेघ होती, खाली सही होती. तिच्या खाली दुसरी चिठ्ठी होती. अक्षर चिठ्ठ्यांवरचं ते गोल नव्हतं आणि वहीतलं सफाईदारही नव्हतं, अडत अडत, जुळवून जुळवून लिहिल्यासारखं. मग लक्षात आलं. चौदा वर्षं देवनागरीत ठसठशीत लिहिणाऱ्या माणसानं ही एकच चिठ्ठी मराठीत, पण कन्नड अक्षरांत लिहिली होती. ओंकारला जुळवून वाचायला लागू नये म्हणून.

माझी नजर आधी मतावर गेली. 'ओंकार, शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तुझ्या आईला पण वाचून दावलं. वरचं मत खोटं हाय, ते मीच लिवलेलं. दोनशेव्या पानावर नावाडी नाव सोडत न्हाई, एक यायचाय म्हणतो. फोन लावला हुता.'

मग वर बघितलं. 'निघाली'पुढं येळवशीची तारीख होती. 'पोचली'पुढं तारीख नव्हती, एकच शब्द होता. उशिरा.